नव्या बेलिफास समन्स बजावणीविषयी
‘साहेब गावाला गेलेत’ हे उत्तर तुम्हाला रोज ऐकावे लागेल. तेवढ्यावर समन्स परत करू नका, पुन्हा जा आणि प्रत्येक फेरीची तारीख व वेळ टिपून ठेवा. प्रतिवादी लवकर भेटण्यासारखा नसेल, तर त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबातील प्रौढ स्त्री वा पुरुषाकडे समन्सची प्रत देता येते. मात्र दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ नुसार नोकर हा कुटुंबीय नव्हे, आणि नवखे नेमके येथेच चुकतात (मीही चुकलो होतो). घेण्यास नकार मिळाल्यास आदेश ५, नियम १७ प्रमाणे प्रत बाहेरच्या दारावर डकवावी आणि घर कोणी दाखवले, कोणासमक्ष डकवली, त्यांची नावे-पत्ते अहवालात तेथेच उभे राहून लिहावेत. शेजारी सहसा सहीला तयार होत नाहीत, म्हणून खेड्यात कोतवालाला किंवा पोलीस पाटलांना आधीच गाठावे.