मैदानावरचे प्रश्न : बेसबॉलच्या हंगामाचा पहिला दिवस

शिमगा आटोपून पालखी सहाणेवरून देवळात परतली, चाकरमानी मुंबईला निघून गेले आणि काजू वेचायला माणसे मिळेनाशी झाली, की त्याच सुमारास तिकडे अमेरिकेत बेसबॉलचा नवा हंगाम उभा राहतो. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे त्याच विषयावरची निघाली. आपल्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांतले कोणी ना कोणी जहाजावर किंवा परदेशी असते, त्यामुळे मला त्याचे फारसे नवल वाटले नाही. हे सदर या वेळी त्या पाच पत्रांना दिले आहे.

वेंगुर्ले येथील एक निवृत्त शिक्षिका : माझा भाचा शिकागोला नोकरी करतो. एरवी फोनवर तो आईचे गुडघे, विहिरीचे पाणी, सगळ्याची चौकशी करतो. मार्च लागला की मात्र पहिल्या सामन्याला किती दिवस उरले तेवढेच सांगत बसतो. यंदा तर त्या दिवसासाठी त्याने रजा टाकली आहे. एका संघाला हंगामात 162 सामने खेळावे लागतात, हेही तोच सांगतो. मग त्यातल्या एका सामन्याचे एवढे कौतुक कशासाठी?

बाई, 162 या आकड्यामुळे आपल्याला पहिला सामना किरकोळ वाटतो. मला उलट वाटते. सामने एवढे आहेत, म्हणूनच पहिल्या दिवसाला मान आहे. मेजर लीग या तिथल्या सर्वांत वरच्या स्पर्धेत 30 संघ आहेत आणि प्रत्येक संघ मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत, आठवड्यातून एखादी सुट्टी सोडली तर, जवळजवळ रोज खेळतो. (पूर्वी सामने 154 होते; 1961 आणि 1962 मध्ये तिच्यातल्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगांनी ते वाढवले.) आयपीएलमध्ये साखळी फेरीत संघाच्या वाट्याला 14 सामने येतात, त्यामुळे आपण सामन्याची वाट पाहतो, तो दिवस साजरा करतो आणि मोकळे होतो. बेसबॉलच्या रसिकाचे तसे नसते. त्याच्या घरात सहा महिने संध्याकाळी कुठेतरी सामना चालूच असतो. भाजी निवडताना, गाडी चालवताना, अंगणात बसल्या बसल्या तो कानावर पडत राहतो आणि अजिंक्यपदाचे सामने आटोपून नोव्हेंबर उजाडला की एकदम बंद होतो.

आपण वेंगुर्ल्याच्या, तेव्हा आपल्याला दशावताराचा दाखला पटेल. कार्तिकातल्या जत्रा सुरू झाल्या की मंडळी पेटाऱ्याची पूजा करून बाहेर पडते आणि पुढचे कित्येक महिने रोज रात्री नव्या गावच्या देवळासमोर उभी राहते. संकासुर काल आला होता, आज पुन्हा कशाला, असे कोणी म्हणत नाही. पहिल्या रात्रीचा खेळ उरलेल्या रात्रींपेक्षा सरस असतो असेही नाही, पण पावसाळाभर न ऐकलेला पखवाज त्या रात्री पुन्हा कानी येतो, आणि माणसे त्यासाठी मैलभर चालत जातात. आपल्या भाच्याचे तेच झाले आहे. त्याच्या अंगणातला पखवाज पाच महिने बंद होता.

तिकडच्या रसिकांची ही आस फेब्रुवारीतच सुरू होते. फेब्रुवारीच्या मध्यावर संघ फ्लोरिडा आणि ॲरिझोना या उबदार राज्यांत सरावाला जमतात आणि तेथे आधी फक्त पिचर आणि कॅचर, म्हणजे चेंडू टाकणारे आणि झेलणारे, हजर होतात. खेळ झालेला नसतो, गुण लागलेले नसतात, तरी एवढ्या बातमीवर घराबाहेर हातभर बर्फ साचलेला माणूस खूश होतो.

पहिल्या दिवसाच्या मानामागे इतिहासही आहे. सिनसिनाटी येथे 1869 मध्ये पहिला उघडपणे व्यावसायिक संघ उभा राहिला. त्या शहरात 1920 पासून पहिल्या सामन्याच्या दिवशी बाजारपेठेतून मिरवणूक निघते आणि निम्मे शहर अघोषित सुट्टीवर असते. 1910 मध्ये वॉशिंग्टनला हंगामाच्या सुरुवातीच्या सामन्यात राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांनी मानाचा पहिला चेंडू टाकला आणि पुढे ती प्रथाच पडली. टाफ्ट मूळचे सिनसिनाटीचेच, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो. 1940 मध्ये क्लीव्हलंडचा 21 वर्षांचा पिचर बॉब फेलर याने पहिल्याच दिवशी शिकागोच्या व्हाइट सॉक्स संघाला एकही हिट (चेंडू मारून बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा थांबा, सुखरूप गाठणे) मारू दिली नाही. परिणामी त्या संघातल्या प्रत्येक खेळाडूची फलंदाजीची सरासरी, म्हणजे त्याच्या हिटचे प्रमाण, सामन्याआधी शून्य होती आणि सामन्यानंतरही शून्यच राहिली. आपण गणित शिकवले असेल तर हे उदाहरण वर्गात खपले असते.

या सगळ्यांहून मोठा दिवस 15 एप्रिल 1947 हा होय. त्या दिवशी ब्रुकलिनमध्ये हंगामाच्या पहिल्या सामन्यात जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरले आणि कृष्णवर्णीय खेळाडूंना अनेक दशके बंद असलेला मेजर लीगचा दरवाजा उघडला. त्यांना त्या सामन्यात एकही हिट मिळाली नाही, मात्र विजयाची धाव त्यांचीच होती. त्यांचा 42 हा क्रमांक 1997 मध्ये सर्व संघांनी निवृत्त केला. आता दर 15 एप्रिलला सगळे खेळाडू एका दिवसापुरता तो क्रमांक पाठीवर घालतात.

तेव्हा रजा मंजूर करावी, ही माझी शिफारस. आईचे गुडघे तो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात विचारील.

देवगड येथील एक आंबा बागायतदार : शिकागोच्या एका संघाने 2024 मध्ये 162 पैकी 121 सामने गमावले, असे वाचनात आले. पुढच्या वर्षी त्या संघाचे तिकीट कोणी काढले असेल?

काढले. तो वर उल्लेख आलेला व्हाइट सॉक्स संघच. बेसबॉलमध्ये एक जुनी म्हण चालते, की कोणताही संघ 60 सामने जिंकतोच आणि 60 हरतोच, खरा हंगाम उरलेल्या 42 सामन्यांत ठरतो. व्हाइट सॉक्सनी 2024 मध्ये अवघे 41 जिंकून ती म्हणच मोडीत काढली, आणि 2025 मध्ये बरोबर 60 जिंकून (102 हरून) ती पुन्हा उभी केली. दुसरे टोक पाहा. 2025 चा विजेता लॉस एंजेलिस डॉजर्स हा संघ त्याच हंगामात 69 सामने हरला होता. ज्या खेळात विजेता एवढ्या वेळा हरतो, त्या खेळाच्या रसिकाला पराभव पचवण्याची सवय लागते. आपल्याला हे मी सांगावे असे नाही. मोहोर गळाला म्हणून कलमे तोडून टाकणारा बागायतदार माझ्या पाहण्यात नाही.

शिकागोच्याच कब्ज संघाने 1908 नंतर थेट 2016 मध्ये अजिंक्यपद मिळवले. मध्ये 108 वर्षे गेली, म्हणजे आजोबाने वाट पाहिली, बापाने पाहिली आणि नातवाच्या पदरात पडले. ब्रुकलिनचे डॉजर्स 1941 ते 1953 या काळात पाच वेळा अंतिम मालिकेत पोचले आणि पाचही वेळा न्यूयॉर्क यांकीजकडून हरले. ‘पुढल्या वर्षी बघू’ हे तिथल्या रसिकांचे पालुपद होऊन बसले. ते पुढले वर्ष 1955 मध्ये आले. त्यानंतर दोनच वर्षांनी मालकाने संघ उचलून लॉस एंजेलिसला नेला, हा भाग मात्र आशेच्या गोष्टी सांगणारे सहसा गाळतात.

आणि एक कडू गोष्ट मीही गाळणार नाही. पहिल्या दिवशी सगळे संघ शून्यावर असतात हे तक्त्यापुरते खरे आहे. या लीगमध्ये खेळाडूंच्या एकूण पगाराला कडक मर्यादा नाही, आणि ज्या डॉजर्स संघाने शोहेई ओहतानीशी 10 वर्षांचा 70 कोटी डॉलरचा करार केला, त्याचे शून्य आणि एखाद्या गरीब संघाचे शून्य सारखे नसते. डॉजर्सनी 2024 आणि 2025 अशी सलग दोन अजिंक्यपदे मिळवली. तरीही मार्चमध्ये गरीब संघाचा रसिक तिकिटाच्या रांगेत असतो, कारण मे महिन्यात काय होणार हे त्याला ठाऊक असले तरी आज मार्च आहे.

हर्णै येथील एक नौकामालक : अमेरिकेत प्रत्येक नवीन चेंडूला खाडीचा चिखल फासतात, असे माझा जहाजावरचा भाऊ सांगतो. तो थापाडा आहे. यात तथ्य किती?

या बाबतीत आपल्या भावाला न्याय मिळायला हवा. गोष्ट अक्षरशः खरी आहे, आणि तिच्यामागे एक मृत्यू आहे. पूर्वी एकच चेंडू सामनाभर वापरीत. तो मळून काळा पडे आणि संध्याकाळच्या उजेडात दिसेनासा होई. ऑगस्ट 1920 मध्ये क्लीव्हलंडचा रे चॅपमन अशाच चेंडूचा फटका डोक्याला बसून दुसऱ्या दिवशी मरण पावला. त्यानंतर चेंडू वारंवार बदलू लागले. पण कोरा चेंडू गुळगुळीत असतो, पिचरच्या बोटांतून निसटतो, आणि निसटलेला चेंडूही डोक्याकडेच जाऊ शकतो. अंपायर मैदानातली माती पाण्यात कालवून, तंबाखूचा रस लावून, बुटाचे पॉलिश चोळून पाहत. त्याने चेंडू एक तर खरवडे, नाही तर काळा पडे.

फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स संघाचे प्रशिक्षक लीना ब्लॅकबर्न यांना 1938 मध्ये न्यू जर्सीत, डेलावेअर नदीला मिळणाऱ्या एका ओहोळाच्या काठी हवा तसा चिखल सापडला. ती जागा आजही गुपित आहे. ओहोटी लागली की चिखल बादल्यांत भरतात, गाळतात, मुरवतात आणि डब्यांतून सगळ्या संघांना पाठवतात. सामन्यापूर्वी मैदानावरचा कर्मचारी बोटभर चिखल तळव्यावर घेतो, थोडे पाणी लावतो आणि एकेक चेंडू दोन्ही हातांत फिरवतो. पांढरे कातडे किंचित साईच्या रंगाचे होते, हाताने घातलेले 108 लाल टाके तसेच उठून दिसतात, आणि चेंडूवरची चकाकी तेवढी जाते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी हा चिखल तपासला, तेव्हा तो क्रीमसारखा पसरतो आणि वाळला की बारीक पॉलिश कागदासारखी पकड देतो, असे आढळले.

पहिल्या दिवशी मानाच्या चेंडूचे फोटो निघतात, मिरवणुका निघतात. त्या दिवसाची खरी तयारी मात्र आतल्या खोलीत बादलीजवळ बसलेला तो माणूस करत असतो. नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ मिरवण्याआधी जाळी कोणी शिवली, हे आपल्या बंदरात विचारावे लागत नाही.

रत्नागिरी येथील एक वाचक : कबड्डी आणि खो-खो सोडून या परक्या खेळाला पाने कशासाठी?

प्रश्न आले म्हणून. कबड्डीवर याच सदरात मागे लिहिले आहे, पुढेही लिहीन. क्रिकेटही एके काळी परकेच होते, एवढे नोंदवून थांबतो.

मालवण येथील इयत्ता नववीचा विद्यार्थी : काका, मला या वर्षी पहिल्या सामन्यापासून बेसबॉल बघायचा आहे. नियम व्हिडिओवरून कळले. पण सामना संथ वाटतो. काय करू? आणि आपल्याकडे तो किती वाजता असतो?

तू हातात पेन्सिल घेऊन बघ. हा सल्ला माझा नव्हे. मी जहाजावर असताना एकदा एप्रिलमध्ये आमचे जहाज बाल्टिमोरला लागले होते आणि आम्ही दोघे-तिघे बंदराजवळच्या मैदानावर हंगामाचा घरचा पहिला सामना बघायला गेलो. कडाक्याची थंडी होती आणि मला काही कळत नव्हते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ मांडीवर पुठ्ठा ठेवून छापील तक्ता भरत होते. माझी तारांबळ पाहून त्यांनी खिशातली दुसरी पेन्सिल आणि एक कोरा तक्ता माझ्या हातात दिला.

त्या तक्त्यात प्रत्येक फलंदाजाला एका डावासाठी एक चौकोन असतो. क्षेत्ररक्षकांना 1 ते 9 आकडे ठरलेले असतात : पिचर 1, कॅचर 2, पहिल्या बेसवरचा 3, दुसऱ्यावरचा 4, तिसऱ्यावरचा 5, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप 6, आणि मागचे तिघे डावीकडून 7, 8, 9. शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून तो पहिल्या बेसवर गेला आणि दोघे बाद झाले, तर फक्त ‘6-4-3’ असे लिहायचे. तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडून दिलेले योग्य चेंडू, होऊन फलंदाज बाद झाला तर इंग्रजी ‘के’ हे अक्षर, आणि त्याने बॅट न फिरवताच तिसरा स्ट्राइक जाऊ दिला तर तेच अक्षर उलटे. हे अक्षर एकोणिसाव्या शतकात हेन्री चॅडविक या पत्रकाराने रूढ केले. एवढे लिहायचे म्हटले की प्रत्येक चेंडूकडे लक्ष द्यावे लागते, आणि संथपणा कुठल्या कुठे जातो. त्या थंडीत माझी बोटे वाकत नव्हती, तरी सहा डाव मी नीट भरले. सातव्यात मला बोटीवर परतावे लागले. सामना कोणी जिंकला ते पुढचे बंदर येईपर्यंत कळले नाही. तक्ता अजून माझ्या पेटीत आहे, तीन रकाने रिकामे ठेवून.

शिवाय आता खेळ पूर्वीइतका संथ राहिलेलाही नाही. 2023 पासून पिचरसाठी घड्याळ लावले आहे. बेसवर कोणी नसेल तर त्याने 15 सेकंदांत चेंडू टाकायला सुरुवात करायची असते. त्यामुळे तीन तासांचा सामना सरासरी पावणेतीन तासांच्या आत आला.

वेळेचा हिशेब असा. उन्हाळी घड्याळात आपण न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास पुढे असतो, शिकागोच्या साडेदहा आणि लॉस एंजेलिसच्या साडेबारा तास. म्हणजे न्यूयॉर्कला दुपारी एकला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री साडेदहाला लागतो, संध्याकाळी सातचा पहाटे साडेचारला, आणि लॉस एंजेलिसचा रात्रीचा सामना सकाळी साडेसातनंतर, ऐन शाळेच्या वेळी. पहिल्या दिवशी बरेच सामने तिकडच्या दुपारी असतात, ते तुला सोयीचे पडतील. वही आडवी धर, उभी धरलीस तर नऊ डाव मावत नाहीत. आणि आईला आदल्या दिवशीच विचारून ठेव. रात्री साडेदहाला विचारशील तर उत्तर काय येईल ते तुलाही माहीत आहे.