स्वीडनचा साप आणि आपले फुरसे

प्रश्न : स्वीडनमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्याला तिथल्या रानात पाठीवर काळा नागमोडी पट्टा असलेला विषारी साप दिसला. एवढ्या थंडीत साप जगतो कसा? तो आपल्या फुरशाच्या जातीतला का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : आपल्या भाच्याने पाहिलेला साप ॲडर असावा. फुरसे आणि घोणस ज्या कुळातील, त्याच कुळातला हा साप उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडेही आढळतो. हिवाळ्याचे कित्येक महिने तो जमिनीखालच्या बिळात, अनेकदा इतर सापांसोबत, निपचित पडून काढतो. वसंतात नर आधी बाहेर येतात, उन्हात अंग शेकून कात टाकतात आणि मादीसाठी अंगाचा पुढचा भाग उभारून एकमेकांना खाली दाबू पाहतात; या झुंजीत चावाचावी मात्र होत नाही. गार मातीत अंडी उबणे कठीण, म्हणून मादी ती पोटातच वागवते, ऊन शोधत राहते आणि उन्हाळ्याच्या अखेरीस जिवंत पिले घालते. यात ती इतकी खंगते की सहसा दरवर्षी वीत नाही. अर्थात आपले फुरसेही पिलेच घालते, तेव्हा सारे श्रेय थंडीला देता येत नाही.

सड्यावर जांभ्याच्या दगडाखाली दडलेले फुरसे डिवचल्यास वेटोळ्यांचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज करते. ॲडर फुत्कारतो आणि संधी मिळताच सटकतो. त्याचा दंश वेदनादायक असला तरी क्वचितच जिवावर बेततो. ब्रिटनमध्ये अशा मृत्यूची शेवटची नोंद १९७५ सालची आहे. फुरशाचे विष मात्र रक्त गोठण्याची क्रियाच बिघडवते, त्यामुळे त्याच्या दंशावर रुग्णालयात प्रतिविष घेण्याला पर्याय नाही.