शौलाचं वय

चिरंजीव,
सप्रेम सलाम.

बायबलच्या जुन्या प्रतींच्या अभ्यासात पीएचडी करावी का, हे तू दोन ओळींत विचारलंस आणि घरच्यांच्या काळजीवर दोन पानं भरलीस. त्यावरून खरी अडचण कळली. ‘जास्त शिकलीस तर विश्वास जाईल,’ असं तुमच्या चर्चचे पाळक म्हणाले. आमचेही म्हणाले होते. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आजही सुचत नाही. त्याऐवजी बायबलमधलं एक वचन देतो, त्याच्याशी झटून बघ.

१ शमुवेल १३:१. हिब्रूत वय सांगायचं तर ‘इतक्या वर्षांचा पुत्र’ असं म्हणतात. इथे इस्राएलाचा पहिला राजा शौल याच्या वयाचा आकडाच नाही, नुसतं ‘बेन शाना’, म्हणजे ‘वर्षाचा पुत्र’. शब्दाला शब्द ठेवला तर शौल राजा झाला तेव्हा एक वर्षाचा होता आणि त्याने दोन वर्षं राज्य केलं! नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये १३:२१ मात्र त्याच्या राज्याला चाळीस वर्षं देतं. जुन्या ग्रीक भाषांतराच्या काही प्रतींत हे वचनच नाही, काहींत ‘तीस वर्षांचा’ आहे. नकलताना कधीतरी आकडा गळाला असावा. मला नवल वाटतं ते पुढच्या लेखनिकांचं. अक्षर न् अक्षर मोजणारी ही माणसं, त्यांना हे दिसलं नसेल? तरी कुणी पदरचा आकडा घातला नाही. १००८ सालची ‘लेनिनग्राड’ नावाची हस्तलिखित प्रत आपल्या अभ्यासाच्या छापील हिब्रू बायबलचा आधार आहे. तिच्यातही ते वाक्य लंगडंच उभं आहे.

विद्यार्थी असताना मी निबंधात बिनदिक्कत ‘तीस’ लिहिलं होतं, बायबलवर भाष्य करणाऱ्या एका इंग्रजी टीकाग्रंथावरून. सरांनी समासात लाल शाईने विचारलं, ‘हे तीस आणलेत कुठून?’ वर्गात काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

पुण्यात आहेस तर भांडारकर संस्थेत जाऊन महाभारताची चिकित्सित आवृत्ती, म्हणजे हस्तलिखितं ताडून पाठ ठरवलेली आवृत्ती, उघड. १९१९ ते १९६६ एवढा काळ, १,२५९ हस्तलिखितं. जिथे पाठाची खात्री नाही तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. तिचे प्रमुख संपादक सुकथनकर यांनी बर्लिनमध्ये घेतलेली शिस्त त्या रेघेत दिसते. आपलं काम याच जातीचं आहे, हे तुझ्या घरच्यांनाही सांगता येईल. महाभारताची अशी चिकित्सा झाली म्हणून कुणाची एकादशी मोडली नाही.

आता उलट बाजू. दाविदाने मारलेल्या धिप्पाड गल्याथाची उंची आपण संडेस्कूलपासून ‘सहा हात व एक वीत’ अशी घोकली. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या चौथ्या गुहेत १९५२ साली सापडलेल्या शमुवेलाच्या गुंडाळीत ती चार हात व एक वीत आहे, जुन्या ग्रीक भाषांतरातही तेवढीच. चार जुनं की सहा, यावर अजून वाद आहे. मला चार पटतं; तू मला खोडून काढ. ती गुंडाळी संपूर्ण छापून यायला २००५ उजाडलं. मूठभर विद्वान त्या गुहांमधले तुकडे कवटाळून बसले होते. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयाने आपल्याकडची त्या तुकड्यांची छायाचित्रं सगळ्यांना खुली केली, तेव्हा कुठे दार उघडलं. हा दुर्गुण आपल्या क्षेत्रात मुरलेला आहे. तुझ्या टिपणांची झेरॉक्स कुणी मागितली तर देऊन टाक.

हिब्रू, अरामी, ग्रीक आणि वर जर्मन, एवढ्या भाषा ऐकून घाबरू नकोस, पण सुट्टीत उरकतील असंही समजू नकोस. पंडिता रमाबाईंनी केडगावचा सगळा व्याप सांभाळून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. त्यांच्यामागे ना शिष्यवृत्ती होती, ना गाइड.

नोकरीचं मात्र गोड बोलणार नाही. जागा थोड्या, पगार बेताचा. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात, लागलीस तर वसतिगृह, परीक्षा, रविवारची उपासना, सगळं गळ्यात पडेल आणि संशोधनाला रात्र उरेल. घरी हे आधी सांगून ठेव.

अर्ज पाठवायच्या आधी १ शमुवेलाच्या तेराव्या अध्यायाचं स्वतःचं मराठी भाषांतर मला पाठव. शब्दकोश घे, टीकाग्रंथ नको. पहिल्या वचनात काय केलंस ते मी आधी बघेन.

तुझे सर