शुक्राणू धावतात, तरी गाय का उलटते?

प्रश्न : आमच्या वळूच्या ताज्या वीर्यात ८० टक्के शुक्राणू सरळ पुढे धावताना दिसतात, डोक्याचे-शेपटीचे दोषही नगण्य. तरी गायी उलटतात (गाभण न राहता पुन्हा माजावर येतात) आणि बऱ्याच जणी २१ ऐवजी ३०-३५ दिवसांनी. दोष कुणात?

उत्तर : वेगवेगळ्या गोठ्यांतल्या गायी उलटत असतील तर संशय वळूवरच. उशिरा उलटणे म्हणजे गर्भ राहून मेला असण्याची शक्यता. नैसर्गिक रेतन होत असेल तर आधी वळूच्या शिश्नावरणाचे धुवण घेऊन ट्रायकोमोनास आणि कॅम्पायलोबॅक्टर हे रेतनातून पसरणारे जंतू तपासा. नेमका असाच त्रास तेही देतात.

ते नसतील तर गुणसूत्रे पाहा. गायीबैलांत ६० गुणसूत्रे असतात आणि लिंगसूत्रे (एक्स आणि वाय) सोडली तर सगळी एकभुजी, म्हणजे मध्यबिंदू टोकाला असल्याने एकच हात दिसणारी. कधी १ आणि २९ क्रमांकाची गुणसूत्रे एकमेकांना चिकटतात. हा दोष १९६४ मध्ये स्वीडनमध्ये नोंदला गेला. अशा वळूत मोजणी ५९ येते, पण जनुकद्रव्य जवळपास पुरे असल्याने तो दिसायला धडधाकट असतो आणि वीर्यही छान असते. घोळ होतो शुक्राणू तयार होताना. जोडलेले गुणसूत्र आणि त्याचे दोन सुटे जोडीदार नीट वाटले जात नाहीत, काही शुक्राणूंत एक जास्त तर काहींत एक कमी जाते. असा शुक्राणूही झोकात पोहतो, पण त्यातून राहिलेला गर्भ मरतो. सूक्ष्मदर्शकाखाली शेपूट दिसते, गुणसूत्र नाही!

तपासणी रक्ताची होते, वीर्याची नव्हे. गुणसूत्रे विभाजन होत असलेल्या पेशीतच मोजता येतात आणि शुक्राणू विभाजित होत नाहीत. हेपॅरिनच्या (रक्त साकळू न देणाऱ्या द्रव्याच्या) नळीत १० मिली रक्त घ्या. तशाच कामाची ईडीटीएची नळी चालत नाही, ती कॅल्शियम बांधून ठेवते आणि पेशी वाढत नाहीत. नमुना ४ अंशांवर ठेवा, बर्फाला थेट टेकवू नका, ४८ तासांत पोचवा. थंडीने गोठलेले रक्त वाया गेले समजा. प्रयोगशाळा पांढऱ्या पेशी सुमारे ७२ तास वाढवते, शेवटी कोल्चिसिनने विभाजन रोखते, ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइडने पेशी फुगवते, मग जिम्साने रंगवते. चार-दोन पेशी मोजून दिलेला अहवाल घेऊ नका, निदान २०-३० हव्यात.

आणि वाय गुणसूत्राला फसू नका, दोनभुजी दिसले म्हणजे ते जोडलेलेच असे नाही. विलायती वळूत ते दोनभुजी, देशी (झेबू) वळूत एकभुजी असते. संकरित वळूत ते बापाच्या वंशाचे येते.

दोष निघाला तर औषध नाही. सुमारे निम्मी वासरे वाहक (तोच दोष पुढे नेणारी) निघतात, म्हणून हा वळू पैदाशीतून काढाच.

प्रश्न : वळूला तीन दिवस कडक ताप होता. वीर्य कधीपासून वापरावे?

उत्तर : तापाने गुणसूत्रांची संख्या बदलत नाही, पण शुक्राणूंतला डीएनए तुटतो. शुक्राणू घडायला ६१ दिवस आणि वृषणाबाहेर यायला ८ ते ११ दिवस लागतात, म्हणून साधारण ७० दिवस थांबा. नुकसान दोन आठवड्यांनी उठून दिसते, तेव्हा पहिल्या आठवड्यातला चांगला अहवाल काही सांगत नाही.

डीएनएसाठी ॲक्रिडीन ऑरेंज या चमकत्या रंगाची चाचणी सांगा : अखंड डीएनए हिरवा, तुटलेला लाल चमकतो. गोठवलेल्या कांडीची (वीर्य भरलेल्या बारीक नळीची) चाचणी वितळवल्याबरोबर आणि पुन्हा ३७ अंशांवर चार तासांनी करवून घ्या. पहिल्यांदा दोन कांड्या सारख्याच दिसू शकतात. चार तासांनी एकीतले लाल शुक्राणू बरेच वाढलेले असू शकतात.