दाताच्या ऑपरेशनआधीचं गुंगीचं औषध घरूनच पाजून न्यावं का?

नाही ताई, घरून अजिबात नाही. मुलगा चार वर्षांचा, भूल देऊन किडलेले दात करायचेत, दवाखाना दिसला की किंचाळतो, हे सगळं कळलं. पण शेजारणीने सांगितलेलं झोपेचं सिरप निघताना देऊ नका. या औषधांनी श्वास मंदावू शकतो, जीभ सैल पडून मागे जाऊ शकते. रिक्षात मांडीवर मान लटकलेलं मूल आपल्याला ‘छान झोपलंय’ असंच वाटतं. औषध हॉस्पिटलमध्येच, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावून आणि भूलतज्ज्ञ जवळ असतानाच द्यायचं.

मी भूलतज्ज्ञ आहे. आम्ही बहुतेकदा मिडाझोलम तोंडाने देतो, साधारण किलोमागे ०.५ मिलिग्रॅम. वीस-तीस मिनिटांत असर दिसतो. त्याने मूल झोपतंच असं नाही, आणि झोपायची गरजही नसते. डोळे जड होतात, उगाच हसतं, आईच्या कडेवरून आमच्याकडे मुकाट येतं. एवढंच हवं असतं. पालक मात्र ‘जागाच आहे, अजून थोडं द्या’ म्हणून मागे लागतात! शिवाय भूल देताना नाकातोंडावर मास्क लावलेला पुढे सहसा आठवत नाही, हा मोठा फायदा. दातांच्या डॉक्टरांकडे त्याला पुढेही जायचंच आहे.

औषध कडू असतं, त्यामुळे गोड सिरपमध्ये देतात. थुंकलं तर किती पोटात गेलं ते कळत नाही, म्हणून लगेच दुसरा डोस मागू नका. काही मुलं उलट जास्तच चिडतात, हातपाय झाडतात. पूर्वी असं झालं असेल तर सांगा. मग नाकात डेक्समेडेटोमिडीन हे दुसरं गुंगीचं औषध देता येतं. ते झोंबत नाही, पण असर व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेव्हा लवकर पोहोचा.

रात्री घोरतो का, टॉन्सिल मोठे आहेत का, सर्दी-ताप, दमा, फिट्सचं औषध, यातलं काहीही लपवू नका. घोरणाऱ्या मुलाला आम्ही हे औषध फार जपून देतो, कधी देतही नाही. तेव्हा मोबाइलवरचं आवडतं कार्टून आणि शेजारी आई, यावरही पुष्कळदा भागतं.

दूध आणि खाणं सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. ‘घोटभर दूध’ही चालत नाही, तेवढ्यासाठी ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं.

शुद्धीवर येताना थोडा वेळ बेभान रडेल, घाबरू नका. घरी नेताना एकाने शेजारी बसून मान सरळ धरा, आणि त्या दिवशी जिन्यावर एकट्याला सोडू नका.