सोलापुरात विडी कामगार महिलांवर लघुप्रबंध करतेय. आत्मसन्मान मोजायची मराठी चाचणी डेटाबेसमध्ये कशी शोधू?

गुगलवर 'सेल्फ एस्टीम टेस्ट मराठी पीडीएफ' टाकून पहिली सापडेल ती छापून घेऊ नका, एवढी विनंती आधी करते. एम.ए.ला असताना मी जवळपास तसंच केलं होतं. एका जुन्या प्रबंधाच्या परिशिष्टातून रोझेनबर्ग यांची 1965 ची आत्मसन्मान मापनी उतरवून घेतली. 10 विधानं असतात, त्यातल्या 5 विधानांचे गुण उलटे मोजायचे. त्या परिशिष्टात ही सूचनाच नव्हती.

विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, एका मावशींना आठवं विधान वाचून दाखवलं, 'मला स्वतःबद्दल आणखी आदर वाटायला हवा होता.' मांडीवर सूप, हातात कात्री. पान कापता कापता त्या म्हणाल्या, "आदर दुसऱ्याचा करायचा असतो बाई, स्वतःचा कसा करायचा?" मी 'सहमत'वर खूण केली आणि पुढचं विधान वाचलं. या आठव्या विधानाने बऱ्याच भाषांत अडचण केली आहे आणि त्यावर शोधनिबंध आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून आधी मापनीचं नाव पक्कं करा. एपीएचा (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा) 'सायकटेस्ट्स' हा डेटाबेस खास चाचण्यांचाच आहे. संकल्पना इंग्रजीत टाकली की चाचणी काय मोजते, कोणावर तपासली, विश्वसनीयता किती आणि वापरायला परवानगी लागते का, हे नोंदीत दिसतं. पैसे भरून मिळणारा डेटाबेस आहे, त्यामुळे तुमच्या ग्रंथपालांना विचारा. विकत मिळणाऱ्या चाचण्यांची परीक्षणं 'मेंटल मेजरमेंट्स इयरबुक'मध्ये असतात, पण तुमच्या कामाला त्याची गरज पडेलसं वाटत नाही.

खरा उपयोग पुढच्या पायरीचा, आणि ती फुकट आहे. गुगल स्कॉलरवर मापनीचा मूळ संदर्भ काढा. खाली 'सायटेड बाय' असतं, त्यावर क्लिक करा. मग वर 'सर्च विदिन सायटिंग आर्टिकल्स'ची चौकट येते, तिथे खूण करून इंग्रजीत 'मराठी' टाका. ज्यांनी ती मापनी मराठीत वापरली त्यांचेच निबंध बहुतेक समोर येतात. मग 'तेलुगू' आणि 'कन्नड' टाकूनही बघा, कारण सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी बायकांच्या घरी मराठी बोलत नाहीत. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावरचे प्रबंधही चाळा, पण परिशिष्टात चाचणी दिसली म्हणजे वापरायची परवानगी मिळाली असं नाही. भाषांतर कोणी केलं आणि ते परत इंग्रजीत करून मूळ विधानांशी ताडून पाहिलं का, हे त्यात शोधा. तसा उल्लेख नसेल तर भाषांतरकाराला मेल करून विचारा.

नैराश्यही मोजणार असाल तर पीएचक्यू-9 या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीची मराठी आवृत्ती मोफत मिळते, परवानगी लागत नाही. पण तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. कोणी 'हो' म्हणालं तर त्याच दिवशी तिला कुणाकडे न्यायचं, हे मार्गदर्शकांशी बोलून आधी ठरवा, मगच घरोघर जा.

छापण्याआधी आठ-दहा जणींना सगळी विधानं मोठ्याने वाचून दाखवा, आणि प्रत्येकीला विचारा, "यातून तुम्हाला काय समजलं?"