अपगार मांडताना: लेबर रूममध्ये नव्याने आलेल्यांसाठी

अपगार म्हणजे जन्मल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला पाच लक्षणांवरून बाळाच्या प्रकृतीला दिलेले 10 पैकी गुण. पहिली गोष्ट, आकडा नंतर, बाळ आधी. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटाच्या अपगारसाठी थांबायचं नाही. पुसणं, ऊब, गरज पडली तर अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), हे त्याआधीच सुरू व्हायला हवं.

घड्याळ बाळ पूर्ण बाहेर आल्यावर लावा. ठोके स्टेथोस्कोपने 6 सेकंद मोजून 10 ने गुणा: 100 च्या वर 2 गुण, खाली 1, ठोकेच नसतील तर 0. श्वास, स्नायूंचा ताण, उत्तेजनाला प्रतिसाद आणि रंग यांनाही तसेच 0 ते 2. गडबड होते ती रंगात. अंग गुलाबी पण हातपाय निळसर असतील तर 1च. म्हणून पहिल्या मिनिटाला 10 लिहिलेला दिसला की मला शंकाच येते. सावळ्या बाळाची जीभ आणि ओठांची आतली बाजू बघा.

एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. पहिल्या मिनिटाचे 3 गुण पाचव्या मिनिटाला 8 झाले, तर बाळ सावरतंय. 4 गुणांवरून 5 गुणांवरच रेंगाळलं, तर डॉक्टर शेजारीच हवेत. पाचव्या मिनिटाला 7 पेक्षा कमी असेल तर दर 5 मिनिटांनी, 20 मिनिटांपर्यंत पुन्हा मांडा, आणि त्या वेळी बॅग किंवा ऑक्सिजन चालू होता का तेही शेजारी लिहा.

अपुऱ्या दिवसांचं बाळ मुळातच सैल असतं. आईला मॅग्नेशियम सल्फेट (झटके रोखायचं औषध) दिलं असेल तरी गुण घटतात.

सगळं आटोपल्यावर आठवून 8, 9 भरू नका. आणि कमी अपगारवरून नातेवाइकांना बाळाच्या बुद्धीबद्दल काही सांगू नका, त्यासाठी हा तक्ता नाही.